लग्नानंतरचे दोन दिवस

दोन खोल्यांत आठ माणसे. नव्या जोडप्याने एकमेकांशी बोलावे कुठे? म्हणून मधुचंद्र ही चैन नव्हे, असे आम्ही मानतो. सिनेमातले स्वित्झर्लंड हिवाळ्यात बर्फाने गोठते. माल्टाची हवा तेव्हाही सौम्य असते, पण तिकीट कर्जात बुडवील. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा भाजून काढतो. डिसेंबर-जानेवारी मात्र सुखद. पहाटेपुरती शाल हवी. भद्रावतीची विजासन बौद्ध लेणी पाहावीत. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबा मंगळवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे. सवड असल्यास अहेरी तालुक्यातील कमलापूरचा हत्ती कॅम्प गाठावा. वडीलधाऱ्यांनो, बँडबाजाचा थोडा खर्च वाचवा. पोरांना हे दोन दिवस द्या.