उशाशी असलेला ग्रंथ

ख्रिस्ती घरांत वृद्ध रुग्णांच्या उशाशी, औषधांच्या डब्याशेजारी, पवित्र शास्त्र मला नेहमी दिसते. त्यावरील त्यांचा विश्वास केवळ सवयीचा नाही. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत १९४७ साली यशयाच्या ग्रंथाची गुंडाळी सापडली. तोवर ज्ञात असलेल्या हिब्रू हस्तलिखितांहून ती सुमारे हजार वर्षे जुनी होती, तरी मजकूर बव्हंशी तोच निघाला.

आजाऱ्याचा विश्वास मात्र आणखी खोल असतो. स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांत स्तुतीइतकीच वेदना, एकाकीपण आणि देवाकडे केलेली तक्रारही आहे. जो ग्रंथ दुःख लपवीत नाही, त्याच्या सांत्वनावर माणूस विसंबतो.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, घरातल्या वडीलधाऱ्यांची दृष्टी अधू झाली असेल, तर रात्रीच्या औषधानंतर त्यांना एक स्तोत्र सावकाश वाचून दाखवा. स्मृती क्षीण झालेल्यांनाही बालपणी पाठ केलेले शब्द पुष्कळदा ओळखू येतात. ओठ आपोआप हलू लागतात. हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. परंतु झोप न येणाऱ्या रात्री तेच शब्द सोबतीला येतात, जे नित्य वाचनाने मनात मुरलेले असतात. म्हणून, ज्येष्ठांनो, डोळे साथ देत आहेत तोवर रोज थोडे वाचत राहा.