बरोबरच्या दोन्ही बाजू

महालक्ष्म्यांचं जेवण सुरू होतं. १ सप्टेंबर २०२५, सोमवार. पंगतीत पोळ्या वाढताना कमरेला खोचलेला फोन सारखा थरथरत होता. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन बघितला. शिक्षकांच्या ग्रुपवर एकच बातमी ज्याने त्याने टाकलेली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलाय, त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायची. नाही झालं तर नोकरी राहणार नाही. ही परीक्षा पात्रतेत आली ती २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेनं. मी नोकरीला लागले २००४ साली. निवृत्तीला अजून सोळा वर्षं. फोन परत खोचला, कटाच्या आमटीचं पातेलं उचललं आणि बाहेर गेले. त्या पंगतीत कोणाला काय वाढलं, ते मला आठवत नाही.

रात्री सगळं आवरल्यावर पेपर एकचा आराखडा बघितला. १५० प्रश्न, १५० मिनिटं, खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण व्हायला ९० गुण. बालमानसशास्त्र, दोन भाषा, परिसर अभ्यास यांची भीती नव्हती. गणिताचे मात्र ३० प्रश्न. अभ्यासक्रम पहिली ते पाचवीचा आणि काठिण्य पातळी माध्यमिक शाळेची. मी जिथं शिकवते तिथून परीक्षा सुरू होत होती, आणि जिथं मी गणित सोडलं तिथं संपत होती.

मी दहावी झाले १९९९ ला. तेव्हा बीजगणित आणि भूमिती असे दोन वेगळे पेपर असायचे. भूमिती मला आवडायची, कारण आकृती डोळ्यांसमोर असायची. बीजगणित मी पाठांतरावर काढलं. अकरावीला कला शाखा घेताना घरी सांगितलं की मला मराठीची आवड आहे. ते खरंच होतं, पण समीकरणांपासून सुटायचं होतं हेही तितकंच खरं. मग बारावी, डीएड, आणि त्यानंतर एकवीस वर्षं मंद्रूपजवळच्या वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी.

लेक त्या वर्षी दहावीत. तिचं गणित भाग एकचं पुस्तक मी उघडलं. पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा. दोन पानं वाचली आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या आमच्या बाईंकडून आठवीचं पुस्तक मागून आणलं. विस्तार सूत्रं, बैजिक राशींचे अवयव, एकचल समीकरणं. आठवीपासून चढायचं ठरवलं. अभ्यासाची वेळ पहाटे साडेचार ते सहा, भाकरीचा तवा चढेपर्यंत.

पहिल्या आठवड्यातलं एक गणित मी वहीत लाल चौकट करून ठेवलंय. ३ − २(क्ष − ४) = ५. पुस्तकात इंग्रजी एक्स असतो, मी माझ्या वहीत क्ष लिहिते. मी कंस सोडवला, ३ − २क्ष − ८ = ५, आणि उत्तर काढलं उणे पाच. लेक दात घासत मागं उभी होती.

"मम्मी, उत्तर आलं म्हणून थांबू नको. ते परत आत घालून बघ की."

घातलं. क्षच्या जागी उणे पाच. कंसात उणे नऊ, त्याची उणे दोनपट अधिक अठरा, त्यात तीन. एकवीस. उजवीकडं पाच. मी किती वेळ नुसती त्या एकवीसकडं बघत होते. लेकीनं बोट ठेवलं, "उणे दोन गुणिले उणे चार. अधिक आठ होतंय." मग ११ − २क्ष = ५, म्हणजे क्ष = ३. तीन आत घातल्यावर दोन्हीकडं पाच आले.

उणे उणे अधिक, हे मला पाठ होतं. जन्मभर पाठ होतं. कंसासमोर ते आठवलं नाही, कारण ते का होतं हे मला कधीच कळलेलं नव्हतं. त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी कोऱ्या पानावर एकाखाली एक लिहीत गेले. उणे दोन गुणिले तीन, उणे सहा. गुणिले दोन, उणे चार. गुणिले एक, उणे दोन. गुणिले शून्य, शून्य. प्रत्येक पायरीला उत्तर दोननं वाढत होतं. पुढची पायरी उणे एकची. आता उत्तर दोननं वाढायचं तर ते अधिक दोनच यायला हवं, दुसरं काही येऊच शकत नाही. पाच ओळींची गोष्ट. बेचाळिसाव्या वर्षी ती मला दिसली आणि इतका आनंद झाला की मी ते पान ह्यांना दाखवायला शेतात घेऊन गेले.

(अ + ब)² चंही तसंच. सूत्र म्हणून ओठांवर होतं, पण गणित सोडवताना हात नुसता अ² + ब² लिहून मोकळा व्हायचा. मधलं २अब गळायचं. माझ्याकडं शाळेतली चिंचोक्यांची पिशवी असते. फरशीवर पाच ओळींत पाच-पाच चिंचोके मांडले आणि दोन पट्ट्या आडव्या-उभ्या ठेवून पाचाचे तीन आणि दोन केले. एका कोपऱ्यात तीनाचा चौरस, नऊ चिंचोके. समोरच्या कोपऱ्यात दोनाचा, चार. नऊ आणि चार तेरा. आणि उरलेले? सहा-सहाचे दोन आयत. मी इतकी वर्षं ते बारा चिंचोके फरशीवर तसेच सोडून पुढं जात होते. त्यानंतर ही चूक माझ्याकडून झाली नाही.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस थांबेना. मंद्रूप सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या मध्ये वसलंय. नवरात्र बसलं आणि सीनेला महापूर आला. विजापूर रस्त्यावर पाणी चढलं, सोलापूरशी येणंजाणं तुटलं. आमच्याकडं पाणी आलं नाही, पण नदीकाठच्या गावांत माणसं जनावरं सोडून पळाली. दिवसा आम्ही बायका भाकऱ्या थापून पाठवायचो. रात्री लाईट नसायची. मी बॅटरीच्या उजेडात अवयव पाडत बसायचे. लोकांची घरं पाण्यात असताना आपण हे काय करतोय, असं वाटून दोन दिवस वही बंदही ठेवली. तिसऱ्या रात्री लेकीनंच ती उघडली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी शाब्दिक उदाहरणांना लागलो. टीईटीत वयवारी हमखास असते. लेक म्हणाली, पुस्तकातलं नको, आपलंच घे. मी बेचाळीस, ती पंधरा. किती वर्षांपूर्वी माझं वय तिच्या चौपट होतं?

मी तोंडी करायला गेले. लांबलचक ओळ लिहिली, एकापुढं एक. ४२ − १५ = २७ ÷ ३ = ९. उत्तर नऊ, म्हणजे ती तेव्हा नऊ वर्षांची, म्हणजे सहा वर्षांपूर्वी. आई लेकीच्या चौपट असते तेव्हा दोघींच्या वयातलं अंतर लेकीच्या तिप्पट असतं, एवढं मला सुचलं होतं. उत्तर बरोबर होतं. मी खुशीत वही पुढं सरकवली.

लेक ओळीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बेचाळिसातनं पंधरा गेले की नऊ राहतात का?"

मला कळेना ती काय विचारतेय. तिनं ओळीच्या दोन टोकांवर बोटं ठेवली. इकडं ४२ − १५, तिकडं ९, मधे बरोबरची चिन्हं. "बरोबर म्हणजे इकडं जेवढं तेवढंच तिकडं. तू 'मग पुढं' म्हणून बरोबर लिहितीस."

मी असंच लिहीत आले होते. फळ्यावर. बारा अधिक आठ बरोबर वीस, वजा पाच बरोबर पंधरा, सगळं एका ओळीत, खडू न उचलता. एकवीस वर्षं.

ती पुढं जे बोलली ते तक्रारीनं नाही बोलली. म्हणाली, आठवीत समीकरणं आली तेव्हा तिलाही असंच लिहायची सवय होती. सरांनी महिनाभर तिच्या वहीत बरोबरच्या चिन्हाला गोल केले. "चौथीत तूच होतीस की आम्हाला," ती म्हणाली. सहा वर्षांपूर्वी. ती नऊ वर्षांची आणि मी छत्तीस.

त्या रात्री मला झोप आली नाही. परीक्षेची काळजी तोपर्यंत माझ्या नोकरीची होती. आता मी वर्ग मोजत होते. दरवर्षी वीस-बावीस पोरं. त्यातली किती आठवीत जाऊन 'बीजगणित आपल्याला जमत नाही' म्हणाली असतील, अकरावीला वाट बदलून बसली असतील? पोराला आठवीत क्ष अडत नाही. अडतं ते त्याच्या शेजारचं, पहिली-दुसरीत शिकवलेलं चिन्ह. समीकरण सोडवायचं म्हणजे दोन्ही बाजूंना सारखंच काहीतरी करत जायचं. 'पलीकडं नेलं की चिन्ह बदलतं' हा त्याचाच आखूड केलेला मंत्र आहे, आणि ज्याला बरोबरच्या दोन बाजू दिसतच नाहीत त्याच्यासाठी ती नुसती जादू.

पहाटे उठून मी तेच उदाहरण नीट मांडलं. ४२ − क्ष = ४(१५ − क्ष). दोन्हीकडं क्ष. ४२ − क्ष = ६० − ४क्ष. दोन्हीकडं ४क्ष मिळवले, दोन्हीकडून ४२ काढले, ३क्ष = १८. प्रत्येक ओळीत एकच बरोबर, एकाखाली एक.

सुट्टी संपून शाळा भरली तशी मी चौथीच्या फळ्यावर लिहिलं, ८ + ४ = □ + ५. सगळ्यांनी चौकटीत बारा भरले. एकानं तर बारा लिहून पुढं 'बरोबर सतरा' असंही जोडलं. हे आमच्याच पोरांचं नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या शिक्षक-संशोधकांनी हाच प्रश्न पहिली ते सहावीच्या मुलांना विचारला होता आणि तिथंही बहुतेकांनी बारा किंवा सतराच सांगितलं होतं. ते वाचून मला थोडा धीर आला.

मी किराणा दुकानातून जुना तराजू मागून आणला. एका पारड्यात आठ आणि चार चिंचोके, दुसऱ्यात पाच आणि एक बंद काडेपेटी. आमच्या वर्गातली निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात. काडेपेटीकडं बोट दाखवून एकजण ओरडला, "बाई, एष्टू?" म्हणजे किती. त्या दिवसापासून चौकटीचं नाव आमच्याकडं एष्टू पडलं. भास्कराचार्यांच्या ११५० च्या बीजगणितात न कळलेल्या राशीला 'यावत्तावत्' म्हटलंय, म्हणजे जितकं असेल तितकं. दुसरी राशी आली की ते रंगांची नावं देतात, कालक, नीलक, पीतक. आमचा एष्टू त्याच घरातला आहे असं मला मनापासून वाटतं.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळच्या एसटीनं सोलापूरला निघाले. थांबे तेच, तेरा मैल, वडकबाळ, हत्तूर. सीना आता पात्रात होती. पेपर साडेदहाला सुरू झाला. माझ्या बाकाच्या मागं माझ्याहून वयानं मोठे गुरुजी, पुढं नुकती डीएड झालेली पोरगी. गणिताला आले तेव्हा हात थरथरत होता. पण प्रत्येक उत्तर मी परत आत घालून बघितलं, लेकीनं शिकवलं तसं. चार प्रश्नांत दोन बाजू जुळल्या नाहीत, ते पुन्हा केले. तीन जुळले, एक सुटलाच नाही. उणे गुण नसतात म्हणून एक गोल भरून टाकला. एक वाजता बाहेर आले तेव्हा लेकीचे पाच मिस्ड कॉल होते.

सोमवारी शाळेत परिपाठ झाल्यावर मी तराजू काढला. मागच्या आठवड्यापासून पोरांना एक काडेपेटी सहज जमत होती. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी, जी वर्षभरात फारसं बोलली नव्हती, उठून पुढं आली. तिनं माझ्या टेबलावरची दुसरी काडेपेटी उचलली.

"बाई, एष्टू दोन्हीकडं असला तर?"

मी तिला एकेकीत चार-चार चिंचोके मोजून घालायला लावले, आणि दोन्ही काडेपेट्या बंद करून एक डाव्या पारड्यात ठेवली, एक उजव्या. डावीकडं आणखी सहा चिंचोके टाकले, उजवीकडं दोन. तराजू डावीकडं झुकला. वर्ग उठून टेबलाभोवती जमला. ती मुलगी क्षणभर थांबली, मग तिनं दोन्ही पारड्यांतून एकाच वेळी, दोन हातांनी, दोन्ही काडेपेट्या उचलल्या.