रात्री दुखणारे पाय

चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या घरी एक तक्रार हमखास ऐकू येते. दिवसभर हुंदडलेले मूल रात्री दहाच्या सुमारास पाय धरून रडू लागते. आजी कोमट तेल लावून पोटऱ्या चोळते, मूल झोपी जाते आणि सकाळी शाळेच्या बसकडे धावत सुटते. मोठी माणसे म्हणतात, ‘हाडे वाढतात, म्हणून दुखतात.’ डहाणू रोडच्या बाजारपेठेत काय किंवा तलासरीच्या नाक्यावर काय, व्यापारी कुटुंबांत हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि बहुतेक वेळा त्यावर विसंबण्यास हरकतही नसते.

या दुखण्याला वैद्यकात वाढीचे दुखणे असेच नाव असले, तरी ते नाव फसवे आहे. ज्या वयात उंची सर्वांत झपाट्याने वाढते, त्या वयात हे दुखणे विशेष आढळत नाही. त्याचे नेमके कारणही निश्चित झालेले नाही. ओळख मात्र स्पष्ट आहे. वय साधारण ३ ते १२ वर्षे, दुखणे दोन्ही पायांत, मांडीच्या पुढच्या बाजूस, पोटरीत किंवा गुडघ्याच्या मागे. वेळ संध्याकाळची वा रात्रीची, आणि सकाळी त्याचा मागमूस नाही. मधले कित्येक दिवस मूल अगदी ठणठणीत असते. चोळणे, शेकणे, धीर देणे एवढे सहसा पुरते. शाकाहारात ‘ड’ जीवनसत्त्व मुळातच थोडे असते आणि शाळा, शिकवणी व बंद घर यांत मुलांना ऊनही कमी मिळते. म्हणून तक्रार वारंवार येत असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची तपासणी करून घ्यावी. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्याच्या मात्रा देऊ नयेत. त्याचा अतिरेकही घातक असतो.

काळजी कधी करावी, हेही तितकेच स्पष्ट आहे. दुखणे सतत एकाच पायात किंवा एकाच जागी असेल, मूल लंगडत असेल, सांधा सुजून गरम झाला असेल, सकाळी उठताना पाय आखडत असतील, त्या जागी हात लावू देत नसेल, तर थांबू नये. ताप, घटते वजन, पांढुरका चेहरा, अंगावर कारणाविना उमटणारे काळेनिळे डाग, खेळण्याची इच्छा नाहीशी होणे, यांपैकी काहीही सोबत असल्यास डॉक्टरांकडे जावे. सांध्याचा जंतुसंसर्ग, संधिवात, हाडाचा क्षय, क्वचित रक्ताचा कर्करोगही पायाच्या दुखण्यातूनच प्रथम डोके वर काढतो.

इथवरचे कोणत्याही गावास लागू आहे. डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत मात्र हेच वाक्य आणखी एका घरात उच्चारले जाते. दुकानात माल उतरवणारा, चिकूच्या वाडीत फळे काढणारा, स्वयंपाकघरात भांडी घासणारी, ही माणसे बहुधा वारली, कोकणा, दुबळा किंवा कातकरी समाजातील असतात. महिन्यात तिसऱ्यांदा खाडा करून आलेली बाई सांगते, ‘पोराचे पाय दुखत होते, रात्रभर रडला.’ ऐकणाऱ्यास तो बहाणा वाटतो. आपलेही मूल रात्री रडले होते. सकाळी ते शाळेत गेले, मग हिचे का नाही?

कारण तिच्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असू शकतो. या आजारात तांबड्या पेशी गोल व लवचिक न राहता विळ्याच्या आकाराच्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्यापुढील भागास रक्त मिळत नाही. त्यातून जी वेदना उठते, ती तेल चोळून जात नाही. ती दिवसाही असते आणि कधी कित्येक दिवस राहते. जन्मानंतरचे काही महिने बाळ सुखरूप असते. पुढे हातापायांचे पंजे सुजतात, डोळे पिवळसर दिसतात, मूल लवकर दमते. पाणी कमी पडणे, पावसात भिजणे, गार पाण्यात डुंबणे, ताप आणि अतिश्रम यांनी वेदना उसळते.

हा आजार संसर्गजन्य नाही. त्यामुळे अशा मुलाच्या आईला कामावरून दूर करणे अज्ञानाचे आणि अन्यायाचेही ठरेल. आई व वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एक मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी निघतील, असा हा हिशेब नव्हे. वाहकांना स्वतःस सहसा काही त्रास नसतो. उलट वाहकांचे तीव्र हिवतापापासून बरेच रक्षण होते. म्हणूनच आफ्रिकेत, आपल्या आदिवासी पट्ट्यांत, जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता तिथे हा दोष टिकून राहिला.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते आणि संशय आल्यास पक्की चाचणी करतात. प्राथमिक आरोग्य केंद्र, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय येथे त्यासाठी विचारणा करता येते. निदान झाल्यावर फॉलिक अॅसिड, लसी, भरपूर पाणी आणि गरजेनुसार हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके बरेच कमी होतात. औषधाच्या दुकानातून लोहाचे टॉनिक आणून देणे हा मात्र उपाय नव्हे. या आजारातील रक्तक्षय लोहाच्या कमतरतेने होत नाही. अशा मुलास ताप आला, छातीत दुखले किंवा पोट अचानक फुगून चेहरा पांढरा पडला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

इथे मालकाच्या हाती बरेच काही आहे. तपासणीच्या दिवशीचा रोज न कापणे, जाण्यायेण्याचे भाडे देणे, कामाच्या जागी पोराला पाणी पिण्यास सांगणे, एवढ्याने त्या घराचा पुष्कळ भार हलका होतो. पेढीवर रोजमेळ लिहिणाऱ्या घराला आणखी एक गोष्ट सहज जमेल. लहान वहीत दोन आठवडे लिहावे: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता पाय, ताप होता का, सकाळी मूल चालले का. आपल्या नातवासाठी ही वही ठेवावी आणि भांडी घासणाऱ्या बाईला लिहिता येत नसेल, तर ती सांगेल ते तिच्या मुलासाठीही लिहून ठेवावे. डॉक्टरांना पहिल्या भेटीत नेमके हेच विचारायचे असते.