घसा बसलेला मर्फी

सोनारीत माकडं कुणाचीही भीडभाड ठेवत नाहीत. काळभैरवनाथाच्या देवळापासून गल्लीतल्या पत्र्यांपर्यंत राज्य त्यांचंच. आबांच्या रेडिओची एरियल त्यांनी इतक्या वेळा तोडली, की शेवटी आबांनी ती घरातच आढ्याला बांधली. आबा गेले, रेडिओ राहिला. लाकडी पेटीचा, वाल्व्हचा मर्फी.

मी पुण्यात कोड लिहितो. आजीला ब्लूटूथ स्पीकर नेऊन दिला, तो खोक्यातच आहे. "ह्यो लई किरकिरा बोलतोय," म्हणाली. "त्यापरीस आबाच्या रेडिओचा घसा बसलाय, त्यो बघ."

निदान अचूक होतं. कागदी कोन दोन्ही हातांनी अलगद आत दाबला तर खरखर. म्हणजे कॉइल चुंबकाच्या फटीत घासत होती. मल्टिमीटरवर तीन-साडेतीन ओहम आले, तार शाबूत होती. कडेला कागद मात्र कुरतडलेला.

ही रचना राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली मांडली: फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटलेला कागद. शंभर वर्षांत मूळ कल्पना तीच आहे. म्हणून तर सोनारीतल्या ओसरीवर बसून दुरुस्ती जमते. माझ्या फोनचं तसं नाही.

बुधवार पेठेतल्या एका कारागिराचा सल्ला सरळ होता: रीकोन करा, कागद आणि कॉइल दोन्ही नवे. पण नव्या कागदाचं वजन वेगळं, कडकपणा वेगळा, म्हणजे आवाजही वेगळा. आजीने लग्नापासून जो आवाज ऐकला, तो याच कागदाचा होता. मी जुनाच वाचवायचा ठरवलं.

थिनरने मधली टोपी, कोनची कडा आणि मागचा स्पायडर सोडवला. फटीतला लोखंडी कीस चिकटपट्टीने उचलला. चुंबकाला हात लावला नाही. जुना अल्निको सुटा केला की कमजोर होतो. फाटलेल्या जागी मागून टिश्यू पेपर, पातळ केलेला फेविकॉल.

आता कॉइल बरोबर मध्ये धरायला आत चारी बाजूंनी फिल्मच्या पट्ट्या लागतात, जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर. एक्स-रेची फिल्म उत्तम. घरात एकच होती, आबांच्या छातीची, शेवटच्या आजारपणातली. मी गप्प बसलो. आजीनेच कपाटातून पाकीट काढलं, कात्री दिली. "कडंकडंनी काप," एवढंच म्हणाली.

पट्ट्या घालून चिकटवलं, रात्रभर ठेवलं, सकाळी उपसल्या. स्पीकर जोडल्याशिवाय वाल्व्हचा रेडिओ चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. त्यामुळे आधी जोडणी, मग बटण. वाल्व्ह तापेपर्यंतचा तो अर्धा मिनिट आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

मग गुणगुण आली, तिच्यामागून माणसाचा आवाज. खरखर नाही. थोडा जड, थोडा नाकातला.

आजीने आवाज वाढवला. उरलेली फिल्म पाकिटात घालून तिने पाकीट पुन्हा कपाटात, लुगड्यांच्या खाली ठेवलं.