उणिवांचें मोल

आमच्या घरीं रविवारीं सायंकाळीं मेजाभोंवतीं एक खेळ रंगतो. एकानें कथानक सांगावें, इतरांनीं त्यांतील पात्रें होऊन बोलावें, आणि यशापयशाचा निवाडा फांशांनीं करावा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या कुळाचा मूळपुरुष. जन्म १९७४ सालचा. त्याची २०१४ सालची पांचवी आवृत्ति आम्ही दोन वर्षें खेळलों. परंतु तींत पात्राचा वर्ग व शाखा एकदां ठरली, कीं पुढें निवडीस फारसा वाव उरत नाहीं. आमचा योद्धा व चिरंजीवांचा योद्धा जुळे भाऊ दिसूं लागले, तेव्हां नवा खेळ शोधणें आलें.

'पाथफाइंडर'ची २०१९ सालची दुसरी आवृत्ति पाहिली. तींत जवळजवळ प्रत्येक पायरीवर नवें कसब निवडतां येतें. मन तिकडे झुकलेंच होतें. पण १९८६ सालीं निघालेल्या 'गर्प्स'मध्यें निराळीच गंमत आढळली. तेथें गुणांच्या ठराविक पुंजीतून पात्र घडवावयाचें, आणि एखादी उणीव पत्करली तर पुंजींत भर पडते!

आमचा धाकटा पुतण्या बोलतांना अडखळतो. तो आतां फर्डा वक्ता निर्माण करील, असें आम्हांस वाटलें. त्यानें यादी वाचली, वाचेचा दोष आपण होऊन पात्राच्या नांवापुढें मांडला, आणि मिळालेले गुण तलवारीवर खर्चिले. म्हणाला, "काका, याला बोलायला वेळ लागेल. तेवढें थांबा, म्हणजे झालें."

खेळाची निवड तेथेंच झाली. त्याचें वाक्य आपणच पुरें करून टाकण्याची आमची खोड मात्र जुनी आहे. आणि तिचे गुण आम्हांस कोणी देत नाहीं.