सातभाईंचे गोत

आमच्या नंदनवन वस्तीत उन्हाळ्याची सकाळ होते ती सातभाईंच्या कलकलाटाने. कडुनिंबाखालच्या पाचोळ्यात टोळी उतरते, पाने उलटीपालटी करते, आणि मधूनच सगळे एकदम एकमेकांवर तुटून पडल्यासारखे ओरडतात. मातकट अंग, विस्कटलेली शेपटी, पिवळट-पांढरा डोळा. चेहरा कायम रागावलेला. यांना गाणाऱ्या पक्ष्यांत बसवले आहे, हे ऐकून कोणालाही हसू येईल. पण शास्त्र स्वरयंत्राची घडण पाहते, सूर नाही.

शहराबाहेर, माळरानाकडे गेले की यांचाच थोरला, राखी भाऊ भेटतो. उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात. दख्खनचे पक्षी नोंदवणाऱ्या साइक्सने 1832 साली त्याला जॉन माल्कमचे नाव दिले. 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेणारा, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला तोच हा माल्कम. आपल्या बाभळीवरचा पक्षी अजून ते नाव वागवतो आहे, याची मला थोडी चीडच येते.

दोघेही भाऊ कितीतरी वर्षे टर्डॉइडीस या प्रजातीत होते. 2018 साली आलिस सिबुआ आणि सहकाऱ्यांनी डीएनए ताडून पाहिला, तेव्हा हे एकत्र कुटुंब खरे एका मुळाचे नाही असे निघाले. टर्डॉइडीस हे नाव मुख्यतः आफ्रिकेतल्या मंडळींकडे राहिले. आपले सातभाई आर्गियात गेले. लेसनने 1831 मध्येच दिलेले हे नाव अडगळीतून काढून झटकले गेले. वाटणीपत्र झाले, पण पाचोळ्यातल्या कोणाला त्याची खबर नाही.

त्यांचा हिशेब वेगळा आहे. एक जण उंच फांदीवर राखण करतो, बाकीचे चरतात. घरटे एका जोडप्याचे, पण पिलांना भरवायला टोळीतले इतरही येतात. घरट्यात निळीशार अंडी असतात. पावसाच्या तोंडाशी चातक आणि पावशा हेच घर हेरून त्यात आपली अंडी घालतात, आणि त्यांची अंडीही निळीच.

मग चातकाचे पिल्लू बाहेर पडते. त्याचा गणच निराळा, रंगरूप निराळे. तरी सातभाई अळ्या घेऊन त्याच्यामागे धावतात. ते पिल्लू ना या गोतातले, ना त्या. पण भूक लागली की टोळीपेक्षा मोठ्याने ओरडते, आणि या घरात तेवढे पुरते.