विचारलं का त्याला?

तुम्ही कधी एखाद्या मशीनला त्याचं नाव विचारलंय? मी रोज विचारते. बंगळुरूच्या एका लॅबमध्ये सर्किट बोर्ड तपासायचं माझं काम. टेबलावर पॉवर सप्लाय, मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप असतात, पण त्यांच्या बटणांना आम्ही फारसा हात लावत नाही. लॅपटॉपवरून हुकूम पाठवायचे. सकाळी पहिलं पाठवायचं ते ठरलेलं: 'स्टार आयडीएन' आणि पुढे प्रश्नचिन्ह. मशीन लगेच कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर आणि आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगतं.

या भाषेचं नाव एससीपीआय, लाडाने 'स्किपी'. ती १९९० साली आली. त्याआधी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी. मीटर बदललं की प्रोग्राम पुन्हा लिहा. घर बदललं की दूधवाल्यापासून सगळं नव्याने लावावं लागतं ना, तसंच.

व्याकरण सोपं आहे. करंटसाठी इंग्रजी स्पेलिंगची पहिली चार अक्षरं लिहा, नाहीतर अख्खा शब्द लिहा. मधलं अर्धवट चालत नाही. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर तो प्रश्न, नसेल तर हुकूम. आणि हुकमाला मशीन उत्तर देत नाही. गुपचूप ऐकतं.

हे मला नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं. तीन ओळी लिहायच्या होत्या: व्होल्टेज ठरवा, करंटची मर्यादा घाला, आउटपुट चालू करा. मर्यादेच्या ओळीत मी पाच अक्षरं लिहिली. मशीनला तो शब्द कळला नाही. त्याने ती ओळ सोडून दिली आणि आधी कुणीतरी लावलेली मोठी मर्यादा तशीच राहिली. पुढची ओळ मात्र बरोबर होती. बोर्डावर सोल्डरिंगमध्ये एक शॉर्ट राहिला होता. मर्यादा असती तर बोर्ड वाचला असता. आमच्याकडे तो एकच नमुना होता. जळका वास दोन दिवस खोलीत राहिला.

"सर, मशीन काही बोललंच नाही," मी रडवेली होऊन म्हणाले.

"तुम्ही विचारलं का त्याला?"

सरांनी चुका विचारायची ओळ टाइप केली: 'सिस्ट एर', प्रश्नचिन्ह. उत्तर आलं, उणे ११३, अनडिफाइन्ड हेडर. म्हणजे, हा शब्द मला माहीत नाही. सरांनी पुन्हा तेच विचारलं. आणखी एक चूक निघाली, माझ्या त्यानंतरच्या धांदलीतली. मशीन चुका रांगेत ठेवतं. एका वेळी एकच सांगतं, सगळ्यात जुनी आधी. 'शून्य, नो एरर' येईपर्यंत विचारत राहायचं. रांग भरून गेली तर शेवटी फक्त 'रांग ओसंडली' एवढीच नोंद उरते, पुढच्या चुका कायमच्या हरवतात.

त्या रात्री सोलापूरला आईला फोन केला. तसा तो रोजच करते. गोळी घे. उन्हात जाऊ नकोस. लाइटबिल मी भरलंय. ती "बरं" म्हणते आणि फोन ठेवते.

त्या दिवशी मी विचारलं, "आई, काही बिनसलंय का?"

"कुठं काय!"

"सांग ना."

"गणपतीला आली नाहीस. तुझ्यासाठी केलेले मोदक शेजारी वाटले." गणपती होऊन चार महिने झाले होते.

"आणखी?"

"मिक्सर बंद पडलाय."

"आणखी?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मागच्या महिन्यात मोरीत पाय घसरला. मनगट अजून सुजतंय. भांडी घासताना कळ येते. कुणाला दाखवलं नाही."

मी शुक्रवारचं उद्यान एक्स्प्रेसचं तिकीट शोधायला लागले, आणि शोधता शोधता पुन्हा विचारलं, "आणखी?"

"आता काही नाही गं. तुझं सांग. आवाज का असा येतोय?"

"काही नाही."

"बरं," ती म्हणाली. "आणखी?"